पेशीच्या तटबंदीतील वाट

प्रास्ताविक

वैज्ञानिक लेखन हा माहितीपर गद्याचा एक महत्त्वाचा प्रकार आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचे नेमके आणि सुबोध वर्णन करणे, हे अशा लेखनापुढील मोठे आव्हान असते. प्रस्तुत पाठात पेशीच्या आवरणातून आत शिरणाऱ्या काही चिमुकल्या रेणूंची आणि त्यांचा मार्ग शोधणाऱ्या संगणकीय पद्धतीची ओळख करून दिली आहे. एखादी गोष्ट घडते हे कळणे आणि ती कशी घडते हे कळणे, यांत केवढे अंतर असते, हेही या पाठातून लक्षात येईल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• पेशीपटलाची रचना व कार्य स्वतःच्या शब्दांत सांगणे.
• पेशीभेदी पेप्टाइडे म्हणजे काय, हे स्पष्ट करणे.
• रेणवीय गतिकीच्या साहाय्याने केलेल्या सदृशीकरणाची पद्धत व तिच्या मर्यादा समजावून देणे.
• प्रयोग आणि गणन यांचा परस्परसंबंध उदाहरणांनी दाखविणे.

मूळ पाठ

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा दूध घालण्यासाठी वर गेलेली ही गवळण तान्ह्या बाळाच्या ओढीने अवघड कडा उतरून घरी पोहोचली. जो कडा कोणालाही उतरता येणार नाही असे मानले जात होते, तो तिने रात्रीच्या अंधारात उतरला. आख्यायिका असे सांगते, की शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला आणि ती जेथून उतरली तेथे बुरूज बांधविला. हिरकणी खाली पोहोचली एवढेच समजून गडाच्या रक्षणकर्त्यांचे भागणारे नव्हते. ती नेमकी कोठून व कशी उतरली, हे कळल्यावरच बुरुजाची जागा ठरविता आली.

जीवशास्त्रातही १९८८ पासून असाच एक प्रश्न संशोधकांपुढे उभा आहे. येथे गडाच्या जागी आहे सजीवाची पेशी, आणि कडा उतरणाऱ्या हिरकणीच्या जागी आहेत पेप्टाइड नावाचे छोटे रेणू.

१. पेशीची तटबंदी

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असते. त्याला पेशीपटल असे म्हणतात. त्याची जाडी सुमारे ४ ते ५ नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर होय. एवढ्या पातळ पटलावर पेशीचे जीवन अवलंबून असते. आतील द्रव्ये आत राखणे, बाहेरील अनावश्यक द्रव्यांना अटकाव करणे आणि आवश्यक त्यांनाच प्रवेश देणे, ही त्याची कामे होत.

हे पटल मुख्यतः मेदरेणूंचे बनलेले असते. अशा मेदरेणूला एक डोके व दोन लांब शेपट्या असतात, असे समजावे. डोके जलस्नेही असते आणि शेपट्या जलविरोधी, म्हणजे तेलासारख्या असतात. पेशीच्या आत पाणी असते, तसेच बाहेरही पाणी असते. त्यामुळे हे रेणू दोन थरांत अशा रीतीने रचले जातात, की सर्व डोकी पाण्याच्या बाजूस राहतात आणि सर्व शेपट्या मधल्या भागात एकमेकींच्या आश्रयाने दडतात. पटलाच्या दोन्ही पृष्ठभागांवर पाण्याशी सलगी करणारी डोकी आणि मध्ये तेलकट गाभा, अशी ही रचना आहे.

वाटीतील तेलात चिमूटभर मीठ टाकले, तर ते तळाशी तसेच बसून राहते. पाण्यात मात्र ते लगेच विरघळते. मिठातील कणांवर विद्युत प्रभार असतो आणि प्रभारित कणांना पाण्याचा सहवास मानवतो, तेलाचा मानवत नाही. पेशीपटलाचा गाभा तेलकट असल्यामुळे प्रभारित कणांना तो सहजासहजी ओलांडता येत नाही. सोडियम, पोटॅशियम यांसारख्या प्रभारित कणांच्या ये-जा करण्यासाठी पटलात प्रथिनांची खास दारे असतात.

औषधनिर्मितीतील एक मोठी अडचण येथेच उद्भवते. अनेक प्रचलित औषधांचे रेणू लहान व काहीसे मेदस्नेही असल्यामुळे ते पटल पार करू शकतात. परंतु प्रथिने, डीएनए, आरएनए यांसारखे उपयुक्त रेणू आकाराने मोठे व बहुधा प्रभारित असतात. रोगाचे मूळ पेशीच्या आत आहे, उपायही हाती आहे. पण तो बाहेरच अडून राहतो.

२. अनपेक्षित प्रवेश

१९८८ साली अमेरिकेतील दोन संशोधक गटांना स्वतंत्रपणे एक आश्चर्य आढळले. ॲलन फ्रँकेल व कार्ल पॅबो हा एक गट आणि मॉरिस ग्रीन व पॉल लोवेन्स्टाइन हा दुसरा गट. एड्सच्या विषाणूमध्ये टॅट नावाचे एक प्रथिन असते. हे प्रथिन पेशी वाढविलेल्या द्रावात मिसळले असता ते आपण होऊन पेशीत शिरते, असे त्यांना दिसून आले. पुढे फ्रान्समध्ये ॲलँ प्रोशियांत्झ व त्यांच्या सहकाऱ्यांना फळमाशीच्या एका प्रथिनातही हाच गुण आढळला. १९९४ साली त्यांनी दाखवून दिले, की त्या प्रथिनातील केवळ १६ अमिनो आम्लांचा तुकडा या प्रवेशासाठी पुरेसा असतो. या तुकड्याला ‘पेनेट्रॅटिन’ असे नाव मिळाले. १९९७ साली फ्रान्समधीलच माँपेलिए येथील संशोधकांनी टॅट प्रथिनाचाही असाच एक छोटा तुकडा वेगळा काढला.

अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. पेशीपटल भेदून जाणाऱ्या अशा साखळ्यांना पेशीभेदी पेप्टाइडे ही संज्ञा मिळाली. त्यांची लांबी सामान्यतः ५ ते ३० अमिनो आम्ले एवढी असते. विशेष असे, की यांतील अनेक पेप्टाइडांत आर्जिनिन व लायसिन या धन प्रभारित अमिनो आम्लांची रेलचेल असते. टॅटच्या नऊ अमिनो आम्लांच्या गाभ्यात सहा आर्जिनिन व दोन लायसिन, म्हणजे एकूण आठ धन प्रभार आहेत. प्रभारित कणांना तेलकट गाभा वर्ज्य असतो, हे आपण पाहिले. मग ज्याच्या अंगावर आठ-आठ प्रभार आहेत, त्याने तो ओलांडावा कसा?

प्रवेश केवळ पेप्टाइडाचाच होत नाही. त्याला जोडलेले ओझेही त्याच्याबरोबर आत जाते. १९९९ साली स्टीव्हन डाउडी यांच्या गटाने एका मोठ्या प्रथिनाला टॅटचा तुकडा जोडून ते उंदरांना टोचले, तेव्हा ते अनेक ऊतींत, एवढेच नव्हे तर मेंदूतही पोहोचल्याचे त्यांनी नोंदविले. औषध पेशीच्या आत पोहोचविणारा हमाल सापडला, अशी आशा यातून निर्माण झाली.

३. दिल्लीतील प्रयत्न

या आशेचा पाठपुरावा भारतातही झाला. राजधानी दिल्लीच्या दक्षिण भागात एकमेकींपासून फार दूर नसलेल्या काही संस्थांची कामे पाहिली, तर या प्रश्नाची वेगवेगळी अंगे लक्षात येतात.

मथुरा रोडवरील ‘इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी’ या संस्थेत डॉ. मुनिया गांगुली यांच्या गटाने डीएनए वाहून नेणाऱ्या पेप्टाइडांवर काम केले. डीएनएचा धागा ऋण प्रभारित असतो. धन प्रभारित पेप्टाइडे त्याला बिलगतात, त्याची घट्ट गुंडाळी करतात आणि ती गुंडाळी पेशीत नेण्यास साहाय्य करतात. सुई न टोचता, त्वचेवर लावून डीएनए आतील पेशींपर्यंत पोहोचविता येईल काय, याचा शोध या गटाने घेतला.

दुसरे काम माहिती-संकलनाचे. डॉ. गजेंद्र पाल सिंह राघव व त्यांच्या सहकाऱ्यांनी चंदीगड येथील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत असताना २०१२ साली ‘सीपीपीसाइट’ हा पेशीभेदी पेप्टाइडांचा माहितीकोश तयार केला. त्याच्या २०१६ मधील सुधारित आवृत्तीत सुमारे १८५० नोंदी होत्या. २०१३ साली याच गटाने ‘सेलपीपीडी’ ही संगणक-प्रणाली सिद्ध केली. अमिनो आम्लांचा क्रम दिला, की ते पेप्टाइड पेशीभेदी असण्याचा संभव किती, हे ती सांगते. पुढे डॉ. राघव दिल्लीतील ओखला येथील इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेत आले.

अशी प्रणाली ज्ञात उदाहरणांतील साम्य हेरून अंदाज बांधते. कोणते पेप्टाइड आत जाईल, हे ती सांगू शकते. ते कसे जाईल, हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. ‘कसे’ या प्रश्नासाठी अणूंच्या हालचालींचाच मागोवा घ्यावा लागतो. जीवरेणूंच्या अशा गणनासाठी दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २००२ साली डॉ. बी. जयराम यांच्या नेतृत्वाखाली एक महासंगणन केंद्र सुरू झाले. औषधरेणूंची आखणी करणारी ‘संजीवनी’ आणि प्रथिनांच्या घड्यांचा अंदाज बांधणारी ‘भगीरथ’ या प्रणाली तेथेच घडल्या.

४. संगणकातील सूक्ष्मदर्शक

चार-पाच नॅनोमीटर जाडीच्या पटलातून एखादे पेप्टाइड सरकत असताना त्यातील अणूंचे क्षणाक्षणाचे चित्र टिपणे कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला साधलेले नाही. म्हणून संशोधक ती घटना संगणकात उभी करतात. या पद्धतीला सदृशीकरण म्हणतात आणि तिच्यामागील शास्त्राला रेणवीय गतिकी असे नाव आहे.

या शास्त्राच्या पायाभरणीत एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. हैदराबाद येथे जन्मलेले अनीसुर रहमान यांनी अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९६४ साली द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर गणन करून दाखविली. १९७७ साली मार्टिन कारप्लस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान प्रथिनासाठी हीच पद्धत वापरली. जटिल रासायनिक व्यवस्थांच्या गणनासाठी २०१३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कारप्लस, मायकेल लेव्हिट व एरी वॉर्शेल यांना देण्यात आले.

पद्धतीचे मूळ तत्त्व सोपे आहे. प्रथम मेदरेणूंचा एक छोटा तुकडा, त्याच्या दोन्ही बाजूंचे पाणी, मिठाचे कण आणि पेप्टाइड यांतील प्रत्येक अणूचे स्थान ठरविले जाते. प्रत्येक अणूवर इतर अणूंमुळे किती बल कार्य करते, याचे गणित केले जाते. बल कळले, की न्यूटनच्या नियमानुसार अणू पुढच्या क्षणी कोठे असेल हे काढता येते. अणू तेथे हलविले जातात आणि पुन्हा नव्याने बल मोजले जाते. दोन मोजण्यांमधील काळ सामान्यतः २ फेम्टोसेकंद असतो. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज समान भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. या हिशेबाने एका नॅनोसेकंदाची हालचाल पाहण्यासाठी हे गणित ५ लाख वेळा करावे लागते आणि एका मायक्रोसेकंदासाठी ५० कोटी वेळा.

प्रयोगशाळेत पेप्टाइड पेशीत शिरल्याचे दिसण्यास मात्र काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागतो. ही तफावत प्रचंड आहे. ती कमी करण्यासाठी दोन युक्त्या योजल्या जातात. पहिली युक्ती म्हणजे काही अणूंचा मिळून एक मणी मानणे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे विकसित झालेल्या ‘मार्टिनी’ या प्रारूपात हायड्रोजन वगळता साधारणपणे चार अणूंचा एक मणी होतो. दुरून पाहणाऱ्याला वारीतील एकेक वारकरी वेगळा दिसत नाही, दिंड्या दिसतात. तरीही वारी कोणत्या दिशेने चालली आहे हे कळते, तसाच हा प्रकार आहे. दुसरी युक्ती म्हणजे पेप्टाइडाला एका काल्पनिक स्प्रिंगने बांधून पटलातील निरनिराळ्या खोलींवर धरून ठेवणे आणि प्रत्येक ठिकाणी किती ऊर्जा लागते ते मोजणे. यातून वाटेतील चढ-उतारांचा नकाशा तयार होतो. चढ जेवढा उंच, तेवढी ती वाट दुष्कर.

५. पटलावर काय घडते?

अशा गणनांतून काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. मेदरेणूच्या डोक्यात ऋण प्रभारित फॉस्फेट असते. धन प्रभारित पेप्टाइड त्याकडे ओढले जाते आणि पटलाच्या पृष्ठभागावर आडवे पसरते. आर्जिनिन व लायसिन या दोहोंवर एकेकच धन प्रभार असला, तरी आर्जिनिनयुक्त पेप्टाइडे अधिक सहजतेने आत जातात, असे प्रयोगांत दिसते. याचे कारण आर्जिनिनच्या टोकाच्या रचनेत आहे. ते टोक फॉस्फेटला एकाच वेळी दोन हायड्रोजन बंधांनी धरू शकते. दोन्ही हातांनी दोर पकडणाऱ्याची पकड एका हातापेक्षा घट्ट असावी, तसेच हे होय.

२००७ साली हेन्री हर्से व आंजेल गार्सिया यांनी टॅट पेप्टाइडांचे सदृशीकरण प्रसिद्ध केले. पटलावर पुष्कळ पेप्टाइडे एकत्र आली असता पटल तेथे पातळ होते, पलीकडच्या थरातील फॉस्फेटची ओढ आर्जिनिनला जाणवू लागते आणि पाण्याने भरलेले एक छिद्र काही काळापुरते उघडते, असे त्यांना दिसले. पेप्टाइडे या छिद्राच्या कडेने सरकत पलीकडे जातात. मार्गात त्यांना तेलकट गाभ्याचा स्पर्श फारसा घडतच नाही, कारण मेदरेणूंची डोकीच छिद्राच्या कडेला अस्तरासारखी वळलेली असतात. २००९ साली याच संशोधकांनी सहकाऱ्यांसह प्रत्यक्ष प्रयोग केले. आर्जिनिनयुक्त पेप्टाइडांच्या सान्निध्यात पटलातून विद्युत प्रवाह वाहतो, असे त्यांना आढळले. छिद्राच्या कल्पनेशी हे जुळणारे होते.

६. निष्कर्षांची पारख

तथापि, प्रश्न येथे संपला नाही. २००९ सालीच येसिलेव्स्की, मारिंक व मार्क यांनी केलेल्या गणनांत पेनेट्रॅटिन व टॅट ही पेप्टाइडे पटलाला चिकटली, पण आपण होऊन आरपार गेली नाहीत. उलट, ती गटाने जमली असता पटलच त्यांच्याभोवती वाकू लागले. २०१८ साली प्राग येथील पावेल युंगवर्थ यांच्या गटाने आणखी एक मार्ग सुचविला. आर्जिनिनयुक्त पेप्टाइडे पटलाच्या घड्यांना एकमेकींजवळ आणून त्यांचे मीलन घडवितात आणि त्या सांध्यातून आत जातात, असे त्यांच्या गणनांवरून व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून त्यांनी मांडले.

एकाच विषयावरील निष्कर्षांत एवढा फरक पडण्यामागे कारणे आहेत. सदृशीकरणातील पटलाचा तुकडा केवळ काही शे मेदरेणूंचा असतो. खऱ्या पटलात कोलेस्टेरॉल, प्रथिने व शर्करांच्या साखळ्याही असतात. अणूंमधील बलांची सूत्रे अंदाजी असतात. पेप्टाइडांची संख्या, मिठाचे प्रमाण आणि गणनाचा कालावधी बदलला, की चित्रही बदलू शकते.

चूक केवळ गणनातच होते, असे मात्र नाही. प्रारंभीच्या प्रयोगांत पेशी सुमारे ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्या, तरी पेप्टाइडे आत गेलेली दिसत. एवढ्या थंडीत पेशीची गिळण्याची क्रिया थांबते. म्हणून पेप्टाइडे थेट पटलातूनच जातात, असा निष्कर्ष काढण्यात आला होता. २००३ साली माँपेलिए येथील बेर्नार लब्लू यांच्या गटाने त्याची फेरतपासणी केली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापूर्वी पेशी रसायनांनी स्थिर करतात. त्या क्रियेमुळेच पृष्ठभागावर चिकटलेली पेप्टाइडे आत पसरत होती! जिवंत पेशी पाहिल्या असता बरीचशी पेप्टाइडे पेशीने गिळून छोट्या पुटिकांत साठविलेली आढळली. १९९७ साली टॅटचा तुकडा वेगळा काढणारा गट तो हाच. स्वतःच्याच क्षेत्रातील मान्य समजुतीवर त्यांनी बोट ठेवले आणि त्यानंतर या विषयातील प्रयोगांची पद्धतच बदलली.

आज असे मानले जाते, की या प्रवेशाचा मार्ग एकच नाही. पेप्टाइडाचा प्रकार, त्याचे प्रमाण, त्याला जोडलेले ओझे आणि पेशीचा प्रकार यांनुसार तो बदलतो. मार्ग कोणता, याला औषधाच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. पेप्टाइड पुटिकेत अडकत असेल, तर औषध तेथून सोडविण्याची योजना करावी लागते. अन्यथा ते पेशीत असूनही निरुपयोगी ठरते. पटलाला छिद्रे पडत असतील, तर मात्रा वाढताच पेशीतील द्रव्ये गळून तिला इजा होण्याचा धोका असतो. शिवाय सर्वच पेशींत शिरणारा हमाल निरोगी पेशींतही औषध टाकून येईल. मार्ग न जाणता केलेली योजना रुग्णाला अपायकारक ठरू शकते.

गणनाची साधने दिवसेंदिवस समर्थ होत आहेत. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक घडविला. २०२४ साली ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणक पुणे, दिल्ली व कोलकाता येथे कार्यान्वित झाले. यंत्राचा वेग वाढला, की अधिक मोठे पटल अधिक काळ न्याहाळता येते. परंतु संगणकाने दाखविलेली वाट प्रयोगाने तपासावी लागते आणि प्रयोगात दिसलेल्या गोष्टीचे कारण गणनाने पडताळावे लागते. पेशीच्या तटबंदीतील वाट अशी दोन्ही बाजूंनी पारखली गेली, म्हणजे कोठे बुरूज बांधावा आणि कोठे औषधासाठी दार ठेवावे, हे ठरविता येईल.

शब्दार्थ

पटल – पातळ पडदा
जलस्नेही – पाण्याशी सहज मिसळणारे
जलविरोधी – पाण्यापासून दूर राहणारे
प्रभार – कणावरील विद्युत भार
ऊती – समान कार्य करणाऱ्या पेशींचा समूह
सदृशीकरण – खऱ्या घटनेसारखी घटना संगणकात उभी करणे
प्रारूप – नमुना
पुटिका – पेशीतील लहान पिशवीसारखा भाग
दुष्कर – करण्यास अवघड

पाठगत प्रश्न

१. पेशीपटलातील मेदरेणू दोन थरांत का रचले जातात?
२. टॅट पेप्टाइडाचा पेशीतील प्रवेश संशोधकांना आश्चर्यकारक का वाटला?
३. ‘कोणते पेप्टाइड आत जाईल’ आणि ‘ते कसे जाईल’ या दोन प्रश्नांतील फरक पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. २००३ सालच्या फेरतपासणीतून कोणती चूक उघडकीस आली?
५. पाठात हिरकणीच्या आख्यायिकेचा उपयोग कशासाठी केला आहे, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.